शिल्पासोबत नाच बसवताना: गॅलरीतल्या प्रयोगाची पायरीवार तयारी

शिल्प, वस्तू आणि नृत्य एकत्र आणायचं ठरलं की बहुतेक गट एकाच वाटेने जातात. क्लासच्या हॉलमध्ये आरशासमोर वीस-पंचवीस मिनिटांची रचना बसते. मग शिल्पकार मित्राला व्हिडिओ पाठवून ‘यात शोभेल असं काहीतरी कर’ म्हटलं जातं. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोतून शिल्प येतं आणि नर्तक ते पहिल्यांदा पाहतात. ज्याला कधी हात लावला नाही, त्याच्यापासून शरीर दोन हात लांबच राहतं. शिल्प मागचा पडदा होऊन बसतं. नाहीतर जोशात कुणीतरी रेलतं आणि ते डगमगतं.

हा क्रम उलटा करायला हवा. सगळ्यात आधी जागा, मग वस्तू, आणि वस्तू हाताशी आल्यावर नाच. पहिल्या तालमीला वस्तू हवीच. खरी नसेल तर नकली. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. तीन ते सहा नर्तक, एक शिल्पकार आणि ठाण्यातली किंवा नवी मुंबईतली एक जागा, एवढा पसारा धरला आहे. दहा आठवडे हाताशी ठेवा. सहा आठवड्यांत उरकणारे चौथी आणि सहावी पायरी गाळतात, आणि नेमक्या त्याच गाळण्यासारख्या नाहीत.

## १. जागा ठरवा आणि मोजा

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह इथे नाचलेल्यांना एका बाजूने पाहणाऱ्या प्रेक्षकाची सवय असते. गॅलरीत ‘समोर’ ही बाजूच नाही. कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनासारखं दालन असो, सोसायटीचं क्लबहाऊस असो, की रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीतला रिकामा गाळा, माणसं चहूबाजूंनी फिरणार, थांबणार आणि कधी नर्तकाच्या पाठीमागे येऊन उभी राहणार. म्हणून जागा नक्की होईपर्यंत रचनेचं एकही पाऊल टाकू नका.

जागा बघायला जाताना टेप, खडू आणि कोरडं सुती फडकं घ्या. या गोष्टी वहीत उतरवा:

- मुख्य दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचं वळण यांची रुंदी-उंची. वस्तू जास्तीत जास्त केवढी असू शकते हे इथेच ठरतं.
- छताची उंची. खोटं छत असेल तर ते किती खाली आहे आणि त्याच्यावर खरा स्लॅब कुठे आहे.
- खांब, वीजेचे पॉइंट, अग्निशमन नळकांडी आणि बाहेर पडायचे दरवाजे. हे दरवाजे रचनेत कधीच अडवायचे नाहीत.
- फरशी कसली आहे आणि तिच्याखाली काय आहे.

फरशीवर थोडं थांबायला हवं, कारण दुखापती इथूनच सुरू होतात. गॅलरीत बहुधा काँक्रीटवर सरळ व्हिट्रिफाइड टाइल असते. नृत्याच्या हॉलमधल्या लाकडी जमिनीसारखं लवचीक काही तिच्यात नसतं. त्यामुळे उड्या जवळजवळ सगळ्या काढा, गुडघ्यावर पडणं काढा, लोळणं ठेवा पण हळू. व्हिनाइलचा रोल अंथरला तर घसरण कमी होते, काँक्रीटचा मार कमी होत नाही. व्हिनाइल टाकलं म्हणून उड्या परत आणणारे गट पाहिले आहेत. दोन आठवड्यांत नडग्या दुखायला लागतात.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे घाम सुटलेली फरशी. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा एसी चालू असलेल्या दालनाचे दरवाजे प्रेक्षकांसाठी उघडले की खाडीकडची दमट हवा थंड टाइलवर येते आणि डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. बघून कळत नाही. कोरडं फडकं दाबून फिरवा. ते जड लागलं तर फरशी ओली आहे. उपाय सोपा आहे: प्रेक्षक येण्याआधी अर्धा तास एसी दोन-तीन अंशांनी वर न्या, पंखे जमिनीच्या दिशेने लावा आणि प्रवेश एकाच दाराने ठेवा.

वजनाचा हिशोब आताच विचारा. भारतीय मानकांनुसार घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून बांधतात. खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहाचा ५०० किलो धरून. म्हणजे फ्लॅटमधल्या किंवा दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत दगडी शिल्प ठेवून सहा जणांनी भोवती ताल धरणं ही वेगळी गोष्ट आहे. जड वस्तूच्या पायांखाली १९ मिलीमीटर प्लायवूडचा तुकडा द्या, भार पसरतो आणि टाइल तडकत नाही.

तपासा: दालनाचा नकाशा प्रमाणात काढला का? दरवाज्याची रुंदी त्यावर लिहिली का? नसेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊ नका.

## २. कागद आधी उरका

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण शेवटच्या आठवड्यात ती केली तर तालमी बुडतात.

गॅलरीत आधीपासून मांडलेल्या शिल्पाभोवती नाचायचं असेल तर गॅलरीची परवानगी पुरत नाही, शिल्पकाराची लेखी संमती लागते. कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमानुसार आपल्या कृतीची मानहानी होईल अशी मोडतोड किंवा बदल रोखण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो, शिल्प विकलेलं असलं तरी. स्पर्श करणार का, त्यावर प्रकाश किंवा प्रतिमा टाकणार का, चित्रीकरण कुठे वापरणार, हे पत्रात एकेका ओळीत लिहा. सार्वजनिक चौकात कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचं छायाचित्र घ्यायला किंवा ते चित्रपटात दाखवायला कायद्यात मुभा आहे. पण त्यावर चढायची किंवा तिथे गर्दी जमवायची मुभा त्यात नाही. त्यासाठी महापालिकेचं संबंधित कार्यालय आणि पोलीस ठाणं दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. तलावपाळीला किंवा उपवनला करायचं मनात असेल तर हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे गृहीत धरूनच वेळ ठरवा.

तुमच्या स्वतःच्या रचनेचंही बघा. कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असेल तरच. संपूर्ण रचनेचा एका कॅमेऱ्याने, न तोडता घेतलेला व्हिडिओ तारखेसह जपून ठेवा. संगीत दुसऱ्याचं असेल तर परवाना वेगळा. तिकीट लावणार असाल तर आणखी कोणती प्रमाणपत्रं लागतील ते दालनाच्या व्यवस्थापकाला लेखी विचारा.

## ३. प्रत्येक वस्तूची जात ठरवा

वस्तूंच्या तीनच जाती करा: अंतराची, स्पर्शाची आणि भाराची. अंतराच्या वस्तूला कुणी शिवत नाही. स्पर्शाच्या वस्तूला हात, पाठ, गाल लागेल पण वजन पडणार नाही. भाराच्या वस्तूवर रेलता, चढता, लटकता येतं. प्रत्येक वस्तूला एकच जात द्या आणि ती सगळ्यांना पाठ असू द्या. ‘तिला हात लावायचाय, अगदी जरासंच टेकायचंय’ असं कुणी म्हणालं की ती वस्तू भाराची झाली आणि तिला सहाव्या पायरीची परीक्षा द्यावीच लागेल.

जात ठरवताना माध्यम बघा. काशाच्या शिल्पाला घामातले क्षार लागले की वरचा रंगथर डागाळतो, म्हणून ते अंतराचं, किंवा हातमोजे घालून स्पर्शाचं. संगमरवर आणि टेराकोटा तेल पितात. केसांच्या तेलाचा एक ठिपकाही जात नाही. कथक-भरतनाट्यमच्या क्लासमधून आलेल्या मुलींच्या तळव्यांवर आदल्या कार्यक्रमाचा आलता उरलेला असतो, आणि तो पांढऱ्या दगडावर आणि गॅलरीच्या भिंतीवर उमटतो. तालमीच्या आधीच्या आठवड्यात आलता आणि मेंदी दोन्ही बंद. प्लास्टर ऑफ पॅरिस वरून भक्कम दिसतं आणि आतून पोकळ असतं. ते कधीच भाराचं धरू नका. फायबरग्लासची बाहेरची बाजू गुळगुळीत असली तरी आतली कड काचतंतूंनी टोचते. लोखंड तीनही जातींना चालतं, म्हणून पहिला प्रयोग करणाऱ्यांनी लोखंडच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

सावध: गणपतीचे मूर्तिकार आणि साचे करणारे कारागीर उन्हाळ्यापासून गणेशोत्सवापर्यंत मान वर करत नाहीत. फायबर किंवा साच्याचं काम हवं असेल तर ते दिवाळीनंतर द्या.

## ४. नकली वस्तूवर तालीम

शिल्पकार आराखडा काढतोय तोवर थांबायचं कारण नाही. मंडपवाल्याकडून बांबू आणि सुतळी आणा, फ्रिजचे खोके आणा आणि खऱ्या मापाची नकली वस्तू तालमीच्या जागेत उभी करा. उदाहरण म्हणून पुढे सगळीकडे एकच वस्तू धरू: दोन मीटर उंच, एक मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल अशी चारी बाजूंनी उघडी लोखंडी चौकट.

नकली वस्तू तीन टप्प्यांत खरी होत जाते. आधी माप खरं, मग वजन खरं (वाळूच्या पिशव्या बांधून), मग पृष्ठभाग खरा (पत्र्याचा तुकडा, खरखरीत कागद चिकटवून). पहिल्याच टप्प्यावर नव्वद टक्के रचना सापडते, कारण शरीराला आधी माप कळतं.

आरसा झाका. मग हे सराव या क्रमाने घ्या:

पाहणं. प्रत्येक नर्तकाने पाच मिनिटं नुसतं चौकटीभोवती फिरायचं, दर फेरीला अंतर कमी करत. कुठल्या अंतरावर आपली चाल आपोआप बदलते ती जागा खडूने खूण करायची. सगळ्यांच्या खुणा पाहिल्या की चौकटीभोवती एक अदृश्य कडं दिसतं. ते कडं ओलांडणं ही रचनेतली घटना आहे. ती फुकट घालवू नका.

माप देणं. चौकटीच्या मापाने शरीर मोजायचं. कोपरापासून बोटापर्यंत किती पाइप बसतो, साठ सेंटिमीटरच्या फटीतून आडवं जाताना कुठला खांदा आधी जातो. इथून येणाऱ्या हालचाली कुणाच्या डोक्यातून आलेल्या नसतात, म्हणून त्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगासारख्या दिसत नाहीत. विल्यम फोर्साइथ हा नृत्यरचनाकार अशाच कामांना ‘नृत्यरचनात्मक वस्तू’ म्हणतो: टांगलेले लंबक, कड्या, फुगे असे मांडायचे की मधून जाणाऱ्याला वळावं, वाकावं, थांबावंच लागेल. तिथे वस्तूच रचना करते. तुमच्या चौकटीकडूनही तेवढं काम करून घ्या.

नकार. वस्तू जे करू देत नाही त्याची यादी करा. चौकटीत पूर्ण हात पसरता येत नाहीत. चांगलं, मग हात पसरण्याची हालचाल चौकटीच्या बाहेर एकदाच ठेवा.

काढून घेणं. शेवटी चौकट हलवा आणि तीच रचना रिकाम्या जागेत करा. वस्तू नसतानाही रचना जशीच्या तशी चालली, तर वस्तूची गरजच नव्हती, मागे जा.

तपासा: खऱ्या वस्तूची ऑर्डर देण्याआधी, रचनेतल्या किमान पाच हालचाली अशा हव्यात की त्या याच वस्तूशिवाय घडू शकत नाहीत. लिहून काढा.

## ५. फॅब्रिकेटरकडे जाताना

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथे चौकट बनवून देणारे फॅब्रिकेटर आहेत. ते गेट आणि ग्रिल रोज करतात, नाचाची वस्तू करत नाहीत. म्हणून तोंडी सांगू नका. कागदावर तीन बाजूंची चित्रं, मिलीमीटरमध्ये मापं, आणि माणूस कुठे पाय देणार, कुठे रेलणार ते लाल पेनाने. त्या लाल खुणा पाहिल्या की चांगला कारागीर स्वतःच तिरका आधार सुचवतो.

आपल्या चौकटीला २५ मिलीमीटर चौकोनी, २ मिलीमीटर जाडीचा पाइप पुरतो. मीटरला सुमारे १.४ किलो भरतो. बारा दांड्यांची लांबी १४.४ मीटर, म्हणजे चौकट साधारण २१ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- नुसता टाका (वेल्डिंगचा एखादा ठिपका) मारलेले सांधे तसेच रंगवून देणं. ‘फुल वेल्डिंग’ असं बिलावर लिहून घ्या आणि रंग लावण्याआधी जाऊन बघा. रंगाखाली टाका दिसत नाही.
- वेल्डिंगचे मणी आणि कापलेल्या कडांची धार तशीच राहणं. ग्राइंडिंगनंतर जुनी नायलॉनची ओढणी सगळ्या पाइपवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे कातडीही अडकेल.
- पाइपची तोंडं उघडी. बोट आत जातं. टोप्या बसवून घ्या.
- गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करणं. त्याचा जस्ताचा धूर कारागिराला त्रासदायक असतो. साधा पाइप घ्या, वर रेड ऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) आणि मग रंग. आपल्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यातच गंजतं.
- चकचकीत ऑइल पेंट. घामाच्या हाताला तो साबणासारखा होतो. मॅट रंग घ्या.

चौकट नट-बोल्टने दोन भागांत सुटणारी करून घ्या. छोटा हत्ती हा टेम्पो आतून जेमतेम सात फूट लांब असतो, आणि गॅलरीचा दरवाजा तुम्ही पहिल्या पायरीत मोजलेलाच आहे.

## ६. भाराची परीक्षा

ही पायरी कुणीही गाळू नये. १९७१ साली लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराने प्रेक्षकांनी चढावं, तोल सांभाळावा, ढकलावं अशा लाकडी-लोखंडी वस्तू मांडल्या होत्या. लोक जखमी व्हायला लागले आणि प्रदर्शन काही दिवसांतच बंद करावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेला हे झालं, तर आपल्या चौकटीची परीक्षा घ्यायला संकोच नको.

पहिला प्रश्न: ती तुटेल का? बहुधा नाही. खरा प्रश्न: ती उलटेल का? हिशोब सोपा आहे. वस्तूचं वजन गुणिले तळाच्या रुंदीचा अर्धा भाग, भागिले ढकलण्याची उंची. आपली चौकट: २१ किलो, खोली ०.६ मीटर म्हणजे अर्धी ०.३, आणि खांदा टेकतो ती उंची १.३ मीटर. उत्तर येतं सुमारे ५ किलो. एवढ्याशा रेट्याने चौकट उलटते. आणि साठ किलोची नर्तिका वीस अंश कलून खांदा टेकवते तेव्हा आडवा रेटा साधारण १४ किलो पडतो, तोही ती स्थिर असताना. धावत येऊन टेकली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा.

आता तळाशी ८० किलो वाळू ठेवा. एकूण १०१ किलो, रेटा पेलण्याची ताकद २३ किलो. स्थिर रेलण्याला पुरते, धावत येण्याला नाही. त्यात तळाला दोन्हीकडे पाय वेल्ड करून खोली १.२ मीटर केली की ताकद ४६ किलोवर जाते. तेव्हा कुठे चौकट भाराची म्हणता येईल. नुसतं वजन वाढवूनही भागत नाही, नुसता तळ रुंदावूनही नाही, दोन्ही हवं. पसरलेल्या पायांना पाऊल अडकू नये म्हणून ते प्लायवूडच्या पातळ मंचाखाली लपवा. वाळूही तिथेच बसते.

कागदावरचा हिशोब पुरे नाही. सामान मोजायचा हुकाचा काटा घ्या, १.३ मीटरवर दोरी बांधा आणि एका दमात न ओढता हळूहळू ओढत जा. ओढणाऱ्यापासून लांबच्या बाजूचे पाय कधी उचलतात तो आकडा चौकटीवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मग नर्तक चढण्याआधी वाळूच्या पिशव्या चढवा: सगळ्यात वजनदार नर्तकाच्या तिप्पट, पंधरा मिनिटं. आवाज, वाक, रंगाला बारीक तडे, सगळं बघा.

टांगून झुलण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते फोटोत फार सुंदर दिसतं. दोरीला लटकलेला माणूस उभ्या रेषेपासून ६० अंशांवरून सुटला तर सगळ्यात खालच्या बिंदूवर दोरीवर त्याच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. ९० अंशांवरून तिप्पट. दोरी कितीही लांब असो, हे बदलत नाही. साठ किलोला १२० किलो. माणूस टांगताना हवाई कसरतीच्या कामात दहापट सुरक्षितता धरतात, म्हणजे प्रत्येक कडी, दोरी आणि वरचा आधार १२०० किलोला न तुटणारा हवा. पंख्याचा हुक आणि खोट्या छताची चॅनेल यांचा विचारही करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गॅलरीत माणूस टांगायचा नाही.

सावध: परीक्षा झाल्यावर वस्तूत काहीही बदललं, अगदी चाकं लावली तरी, परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

## ७. खऱ्या वस्तूवर रचना

नकली चौकटीवर सापडलेलं सगळं आता खऱ्या चौकटीवर हळू गतीने करा. लोखंड थंड असतं, वाजतं, आणि बांबूसारखं दबत नाही. पहिल्या दोन तालमींत कुणालाही पूर्ण वेगात जाऊ देऊ नका.

स्पर्शांची यादी बनवा. प्रत्येक स्पर्शाला चार गोष्टी: कोण, शरीराचा कुठला भाग, चौकटीची कुठली दांडी, आणि तिथून सुटायचं कसं. चौथी गोष्ट सगळे विसरतात. चढणं बसवलेलं असतं, उतरणं ‘होईल आपोआप’वर सोडलेलं असतं, आणि घोटा मुरगळतो तो उतरतानाच. प्रत्येक ठरलेल्या अवस्थेतून एक साधी सुटका ठेवा, जी संगीत बंद पडलं किंवा एखादं मूल मध्ये धावत आलं तरी दोन श्वासांत करता येईल.

वजन देताना ते आधी टेकतं, मग उतरतं. नर्तक बहुधा उलट करतात: आधी पडतात, मग पकडतात. खांदा टेकवा, एक श्वास घ्या, श्वास सोडताना वजन सोडा. बघणाऱ्यालाही हा क्षण जास्त दिसतो. नुसतं चौकटीवर पडलेलं शरीर सामानासारखं वाटतं. वजन सोपवताना दिसलेलं शरीर चौकटीलाच जिवंत करतं. सगळ्या रचनेत सर्वाधिक वेळ इथे द्या. एकेका टेकण्यावर एक अख्खी तालीम गेली तरी ती वाया गेली असं समजू नका.

दोघांचा भार एकाच वेळी एका बाजूला येणाऱ्या जागा स्पर्शांच्या यादीत लाल करा. सहाव्या पायरीचा आकडा त्या दोघांना मिळून लागतो.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, लांब नखं, मोठे हूक असलेला पोशाख काढा. पायात काय घालायचं याचं उत्तर फरशी देते: कोरडी असेल तर अनवाणी, चौकटीवर चढायचं असेल तर पातळ रबरी तळ. मोजे टाइलवर कधीच नको.

आणि चारी बाजूंनी बघा. चार फोन चार कोपऱ्यांत ठेवून एकच तालीम टिपा. एखाद्या बाजूने मिनिटभर नुसत्या पाठीच दिसत असतील तर चौकटीला किंवा नर्तकांना वळवा. पाठ वाईट नाही, पण ती ठरवून दाखवलेली हवी.

तपासा: एखादा नर्तक नसताना स्पर्शांची यादी वाचून दुसरा त्याची जागा घेऊ शकतो का? नसेल तर यादी अपुरी आहे.

## ८. प्रेक्षकांची वाट

नर्तकाची पोहोच म्हणजे पसरलेला पाय किंवा हात, आणि त्यापुढे एक मीटर. तिथे प्रेक्षकाने यायचं नाही. पण दोऱ्या लावू नका. दोरी लागली की गॅलरीचं पुन्हा नाट्यगृह होतं. फरशीवर मॅट पट्टी, भिंतीलगत किमान सव्वा मीटर रुंद वाट, बसायला ठरावीक जागी चटया, आणि दोन स्वयंसेवक जे न बोलता फक्त जागेवर उभं राहून माणसांचा प्रवाह वळवतील. ज्येष्ठांसाठी सहा-आठ खुर्च्या वाटेच्या रुंद भागात. पिशव्या आणि पाठीवरच्या बॅगा बाहेर. शिल्पांना धक्का लागतो तो बहुतेक वेळा बॅगेचा.

वेळेची मांडणी आधी ठरवा. नृत्यरचनाकार आन तेरेसा द केर्समाकर यांनी २०१५ साली ब्रसेल्सच्या विल्स या कलाकेंद्रात रंगमंचाची रचना नऊ आठवडे, गॅलरी उघडी असेल त्या वेळांत चालवली. लोक केव्हाही यायचे, केव्हाही जायचे. आपल्याला एवढं जमायचं नाही, पण तत्त्व उपयोगी आहे: कुठूनही पाहायला सुरुवात केली तरी काहीतरी हाती लागेल अशी पंधरा-वीस मिनिटांची आवर्तनं बांधा. काँक्रीटवर सलग तीन आवर्तनांपेक्षा जास्त नको. मध्ये अर्धा तास विश्रांती. त्या अर्ध्या तासात चौकट रिकामी उभी राहू द्या. लोक तिच्याभोवती कसे फिरतात ते पाहण्यासारखं असतं.

## ९. प्रकाश आणि आवाज

गॅलरीचे दिवे भिंतीसाठी असतात. त्यांच्यातून येणाऱ्या नर्तकाचे डोळे दिपतात आणि पुढची पायरी चुकते. भाराच्या प्रत्येक जागी नर्तकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिवे बघा आणि डोळ्यात येणारे वळवा. त्याच दालनात कागदावरची किंवा कापडाची कामं असतील तर त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश टाकत नाहीत. तुमचा दिवा तिथे सांडू देऊ नका.

टाळी वाजवून बघा. घुमत असेल तर तालवाद्यांचं संगीत चिखल होतं. आवाज कमी करा, दोन लहान स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका, आवाज किंचित मागे पडतो आणि मध्येच तुटतो. लोखंडाचा स्वतःचा आवाज छान असतो. कधीकधी तेवढंच पुरतं.

## १०. बसवणी, प्रयोग, उतरवणी

बसवणीला प्रयोगाच्या आदला दिवस पुरत नाही, दोन दिवस आधी घ्या. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, ती वेळ टेम्पोवाल्याला आदल्या आठवड्यात विचारा आणि सकाळी लवकर निघा. क्रम असा: प्लायवूड, चौकट, बोल्ट, वाळू, हुकाच्या काट्याची परीक्षा, दिवे, आवाज, आणि मग नर्तक. हुकाच्या काट्याचा आकडा वर्कशॉपपेक्षा कमी आला तर फरशी गुळगुळीत आहे आणि चौकट उलटण्याआधी घसरते आहे. पायांखाली रबर द्या.

रंगीत तालमीला ओळखीची दहा-पंधरा माणसं बोलवा आणि त्यांना मुद्दाम चुकीच्या जागी फिरायला सांगा. रिकाम्या दालनात घेतलेली रंगीत तालीम काहीच सांगत नाही.

प्रयोगाच्या दिवशी एकाच माणसाकडे थांबवण्याचा अधिकार द्या, आणि तो माणूस नाचणारा नसावा. प्रत्येक आवर्तनाआधी त्याने चार बोल्ट, वाळू आणि फरशी तपासायची. कोरडं फडकं, प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फ त्याच्या हाताशी.

उतरवताना आधी वाळू काढायची घाई होते आणि हलकी झालेली चौकट कुणाच्या तरी अंगावर येते. दोघांनी चौकट धरायची, तिसऱ्याने वाळू काढायची, मग बोल्ट. घामाचे डाग त्याच रात्री कोरड्या कापडाने पुसा, रंग उडालेल्या जागी रेड ऑक्साइडचा हात मारा आणि बोल्ट एका पिशवीत भरून चौकटीलाच बांधा. साठवताना दोन्ही भाग जमिनीपासून वर, लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवा. गाळ्यात पाणी शिरतं तेव्हा तळाचे सांधेच आधी गंजतात.